बाजूचे पाच फूट

१

वीस बाय तीसचा तुकडा नावावर झाला की माणूस स्वतःला जहागीरदार समजू लागतो. आमचे यजमान बंडोपंत याला अपवाद नव्हते. कोर्टातले कारकून. साहेबासमोर उभे राहिले की खांदे कानाला टेकायचे. पण गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत प्लॉट मिळाला, त्या दिवसापासून आधी छाती चालायची आणि तिच्यामागून बंडोपंत.

म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं त्या वर्षीची ही गोष्ट. मी मुलींच्या हायस्कुलात गणित शिकवत होते. घर बांधायचा नियम मला चटकन कळला, कारण तो वजाबाकीचा होता. शेजाऱ्याच्या हद्दीला लागून पाच फूट जागा मोकळी सोडायची. वर छप्पर घालायचं नाही, आत काही बांधायचं नाही, पुढून मागे सरळ जाता आलं पाहिजे. विसातून पाच गेले, पंधरा उरले. बंडोपंतांना वजाबाकी जन्मात आवडली नाही.

"पाच फूट काय कुत्र्यामांजरांना दान द्यायचे व्हय?" नकाशावर बोट आपटून ते म्हणाले. "खरेदीखत माझ्या नावाचं आहे."

"मग मोडा नियम अन् बसा हेलपाटे घालत."

"मोडायलंय कोण? आधी सोडायचं. ओव्हरसियर बघून गेला की झाकायचं. सगळं गाव असंच करायलंय."

सगळं गाव करतं, हा त्यांच्या लेखी पुरावा होता. सगळं गाव रस्त्याच्या कडेला परसाकडेही बसत होतं.

हद्दीपलीकडे काशाप्पाचं घर होतं. मेंढरं विकून शेतीला लागलेला माणूस. वसाहत व्हायच्या आधीच त्याने घर बांधलं होतं, त्यामुळे त्याची भिंत थेट हद्दीवर. घरात एक म्हैस आणि अनसाबाई नावाची बायको. दोघींपैकी म्हैस कमी ओरडायची. त्यांची भिंत आणि आमची भिंत, मध्ये पाच फुटांचा बोळ. पुढे रस्त्याला उघडा, मागे शेतांना उघडा.

२

आमच्या न्हाणीचं पाणी त्या बोळातून जायचं, म्हणून शाळेला निघण्याआधी मी तो रोज झाडून घ्यायची. घर नवं, चुना ताजा. एका सकाळी पाहिलं तर आमच्या भिंतीचा चुना पट्ट्यासारखा निघालेला. माणसाच्या खांद्याच्या उंचीला, रस्त्यापासून पार शेतापर्यंत. समोर काशाप्पाच्या भिंतीवरही तसाच पट्टा, तितक्याच उंचीला.

येताजाता अंग घासलं की चुना जातोच. पण पाच फुटांच्या बोळात एकट्या माणसाला दोन्ही भिंतींना घासत जायची काय गरज? हा प्रश्न मला पडला होता, आणि मी तो म्हशीवर ढकलला.

"अनसाबाई, म्हैस बोळात सोडत जाऊ नका. भिंत खराब व्हायलीय."

अनसाबाई शेणाचा हात तसाच ठेवून पुढे आली. "आमची म्हस? ओ बाई, म्हस हुती तर खाली शेन कुठाय? उलटं मीच तुमाला इचारनार हुते. रोज दिवे लागायच्या येळंला तुमच्याकडलं कोन हिंडायलंय बोळात? माज्या भितीचा चुना ग्येला की!"

"आम्ही घरात तिघं. हिंडायला वेळ कुणाला आहे?"

"मग म्या काय खोटं बोलायले व्हय?"

मी तिला खोटारडी ठरवलं, तिने मला. दोघींनी दारं आपटली. शेजारधर्म रीतसर सुरू झाला.

३

मग तो आवाज मीही ऐकला. संध्याकाळी चहाचं आधण ठेवलेलं, बाहेर अजून उजेड. भिंतीपलीकडे काहीतरी घासत गेलं. जाड कापड चुन्याला घासतं तसा आवाज. पावलं नाहीत, बोलणं नाही. रस्त्याकडून आला आणि शेताकडे गेला.

मी बाहेर जाऊन पाहिलं. बोळ रिकामा. चुन्याची बारीक भुकटी तेवढी खाली बसत होती.

पुढे रोजच ऐकू येऊ लागला. मला त्यात एकच गोष्ट खटकली. तो पुढून मागे जायचा, मागून पुढे कधीही नाही. जे जातं ते परत येतं, निदान आमच्या गावात तरी. दुसरीकडे कोण ठेवून घेतंय?

वारा असेल, असं मी ठरवलं. वारा रोज एकाच दिशेने वाहत नाही हे शाळेत मीच सांगायची. पण घरी कुणी परीक्षा घेत नव्हतं.

४

ओव्हरसियर शिवशरण आला. टेप लावून त्याने बोळ पुढून मागून मोजला, दोनदा चुरमुऱ्यांचा सुसला मागून खाल्ला आणि तृप्त होऊन म्हणाला, "बाई, इतकं नियमाला धरून कुनी बांधतच न्हाई बघा." बंडोपंत मान खाली घालून हसले. त्यांना लाज वाटते आहे असा बिचाऱ्याचा समज झाला.

तो जाऊन आठवडा होतो न होतो तोच शहाबादी फरशीची गाडी दारात आली. काशाप्पाने आधी भांडण काढलं. "माज्या भितीवर फरशी टेकवलीव तर बघा!" मग बंडोपंतांनी त्याला कोर्टातला अडलेला अर्ज लिहून देतो म्हणून सांगितलं, तर तोच धोतर खोचून फरश्या वर द्यायला लागला. माणसाचं तत्त्व किती वजनाचं असतं ते त्या दिवशी कळलं. एका फरशीपेक्षा कमी.

पुढच्या बाजूला भिंत घालून गजाची खिडकी बसवली. मधल्या घरातून दार पाडलं. मागचं तोंड मात्र सबंध बुजवून टाकलं.

"मागं एक खिडकी तरी ठेवा," मी म्हणाले.

"शेताकडनं? चोराला आवतन द्यायलीस का काय?"

अशी एक लांबुडकी खोली झाली. रेल्वेच्या डब्याची बोळकांडी असते ना, तेवढीच. ती वृंदासाठी होती. वृंदा आमची एकुलती एक. मॅट्रिकनंतरच्या पीयूसीला होती, विज्ञान घेतलेलं. पुढे डॉक्टर व्हायचं तिने मनात धरलं होतं, आणि तिच्याहून जास्त मी. आमच्या दोघांच्या सगळ्या खानदानात धड काही होईल असं ते एकच माणूस होतं. माझा तिच्यावर फार जीव होता. खिडकीजवळ खाट, खाटेशेजारी पुस्तकांची फळी, आणि तिला स्वतःचं असं दार. पहिल्या दिवशी ती खाटेवर बसून नुसती हसत होती. बेकायदा असो, पण खोली तिला आवडली म्हणून मीही तोंड मिटलं.

५

भिंतींना निळसर रंग दिला होता. थोड्याच दिवसांत मागच्या टोकाला, बुजवलेल्या भिंतीजवळ, रंग उडाला. दोन्ही बाजूंना, समोरासमोर, खांद्याच्या उंचीला. पट्टा नव्हे, नुसते दोन डाग. कुणी टेकून उभं राहिलं की पडतात तसे.

"ओल आली," मी म्हणाले. "चुन्यात काटकसर केलीत तुम्ही."

"गवंड्याला धरतो," बंडोपंत म्हणाले. गवंड्याला धरण्याइतके ते शूर नव्हते.

पुढे त्या डागांच्या अलीकडे आणखी दोन पडले. मग त्यांच्या अलीकडे आणखी. मागून पुढे, खाटेच्या दिशेने, एकामागे एक.

ओल खालून वर चढते. ही आडवी चालली होती, खांद्याखाली न उतरता. हे मला दिसत होतं. पण मला भुताखेतांचा तिटकारा. गाणगापुरात खांबाला धरून घुमणाऱ्या बाया पाहून मला तर आधी त्यांच्या नवऱ्यांचाच राग यायचा. असल्या गोष्टी डोक्यात घ्यायला रिकामं डोकं लागतं. माझं भरलेलं होतं.

एका संध्याकाळी मी वृंदाला दूध द्यायला गेले. ती खाटेवर पाय खाली सोडून वाचत बसलेली. मी दारातच होते. तिने पुस्तकातून नजर न काढता पाय वर ओढून घेतले, जरा थांबली आणि परत खाली सोडले. बसमध्ये कंडक्टर जाताना आपण घेतो तसे.

"पाय कामून आवळलीस गं?"

"कुठं?" तिने वर पाहिलं. तिला खरंच ठाऊक नव्हतं.

मी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. एका नव्या डागावरून निळी भुकटी गळत होती.

६

त्यानंतर वृंदा बारीक होत गेली. म्हणजे वाळली नाही. जेवत होती, अंगाने तशीच होती, पण जागा कमी घ्यायला लागली. खांदे आत, कोपरं पोटाशी. ताटावर बसली तरी दोन्हीकडे कुणी बसलंय अशी बसायची.

"नीट बस की," मी रागावले. "कोण चेंगरायलंय तुला?"

"तिथं गर्दी होते गं आई," ती हळूच म्हणाली. लगेच म्हणाली, "म्हणजे उकडतं."

मी तिचं अंथरूण मधल्या घरात आणलं. पुस्तकंही आणली. बंडोपंतांची कुरकुर सुरू झाली, एवढी खोली बांधली ती काय कांदे ठेवायला? मी लक्ष दिलं नाही. पण दिवेलागणीला भाजी फोडणीला टाकून वळून पाहते तर ती मधल्या घरात नाही. खोलीत असायची. हाक मारली की यायची, आपण कशाला गेलो होतो ते तिला सांगता यायचं नाही.

रविवारी अनसाबाई आमच्या दारात आली. भांडण झाल्यापासून पहिल्यांदाच. आवाजही खाली होता.

"बाई, तुमच्याकडं पाव्हने आलेत का?"

"नाही. का?"

"न्हाई, माज्या भितीला पल्याडनं कोन तरी टेकायलंय. लई जन हायेत वाटतंय. भित गरम लागायलीय." तिने आत, खोलीच्या दाराकडे पाहिलं. "पोरगीला तिथं बसवू नका."

"तुमची चूल असेल भिंतीला," मी म्हणाले.

"चूल पल्याडच्या खोलीत हाय की वो."

मी तिला हळदीकुंकू न लावता वाटेला लावली. आणि ती गेल्यावर खोलीत जाऊन भिंतीला हात लावून पाहिला. गरम होती. उन्हाची नव्हे. कपाळाला हात लावल्यावर लागते तशी.

७

तो दिवस मंगळवार होता. शाळेतून येऊन मी पदर खोचला तेवढ्यात खोलीतून वृंदाचा आवाज आला.

"आई, ढकलू नको गं मागून."

मी मधल्या घरात होते. तिच्यापासून चांगली लांब.

दारात गेले. वृंदा खाट आणि भिंत यांच्यामध्ये उभी होती, तोंड मागच्या भिंतीकडे. हात अंगाला चिकटलेले. तिची ओढणी पाठीवर सपाट दाबली गेली होती, आणि दंडाचं मांस दोन्हीकडून आत गेलं होतं, जत्रेत जातं तसं. तिच्या आजूबाजूला काहीच नव्हतं. डाग मात्र आता खिडकीपर्यंत आले होते.

मी तिचा हात धरून ओढला. ती हलली नाही. हट्टाने उभी नव्हती, मागे यायला तिला जागा नव्हती.

"श्वास घेता येईना," ती म्हणाली.

कोर्टातून नुकतेच आलेले बंडोपंत दारात येऊन उभे राहिले. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा डागांकडे.

"मागची भिंत फोडा," मी म्हणाले.

"अगं, पण नवीन भिंत..."

"फोडा म्हणते ना! पोरगी मरायलीय तुमच्या पाच फुटात!"

इतक्या वर्षांच्या संसारात त्या माणसाने माझं एकच काम पहिल्या सांगण्यात केलं. पळत मागे गेले. मागून काशाप्पाला मारलेली हाक, पहारीचा पहिला घाव, विटा ढासळल्याचा आवाज, हे सगळं मी वृंदाचा हात धरून ऐकत होते. तिची बोटं थंड होती. "आता होईल मोकळं," मी सांगत होते. "आता होईल, बाळ." तिला मी बाळ कधी म्हणत नसे.

भिंत खाली आली. शेतावरचा उजेड आत शिरला.

आणि ते निघाले. दोन्ही भिंतींवरून एकदम तो आवाज सुटला, तोच कापडाचा, पण शंभरपट. रंगाचा धूर झाला. मी दाराच्या चौकटीवर आदळले. धुरळ्यात मला फक्त वृंदाची वेणी दिसली, आणि वेणीच्या आगेमागे धुरळा नसलेल्या जागा, माणसाएवढ्या, पुढे सरकणाऱ्या. माझा हात सुटला. तिने सोडवला नाही. गर्दीत सुटतो तसा सुटला.

ती भगदाडातून बाहेर पडली हे मी पाहिलं. मागे वळली नाही.

मी विटांवरून धडपडत बाहेर आले. बंडोपंत एका अंगाला भिंतीला पाठ लावून उभे होते, हातात पहार. दुसऱ्या अंगाला काशाप्पा, तसाच, तिरका. शेत काढणी होऊन मोकळं पडलेलं, सडकेपर्यंत सगळं दिसत होतं. तिथे कुणी नव्हतं.

"धरलं का नाहीत तिला?" मी बंडोपंतांच्या छातीवर मुठी मारत होते. "तुमच्या हाताशी होती! का नाही धरलंत?"

"मी बाजूला झालो," ते म्हणाले. पुन्हा तेच म्हणाले. "कामून झालो ते ठाऊक नाही. बाजूला झालो."

काशाप्पा विटा ओलांडून आपल्या घरात गेला. त्या दिवसानंतर त्याने आमच्या घराकडे तोंडही केलं नाही.

८

पोलीस आले. शेजारपाजार आला. पोरगी पळाली, असं सर्वानुमते ठरलं. कुणाबरोबर, यावर दोन पक्ष झाले. एका पक्षाचा मुलगा मन्नाएखेळ्ळीचा होता, दुसऱ्याचा निंबर्ग्याचा. दोन्ही मुलं आपापल्या घरी होती, पण त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. लोकांना पळून जाणं समजतं, म्हणून ते सगळ्यांना पळवून लावतात.

बंडोपंतांनी छप्पर स्वतःच्या हाताने उतरवलं. पुढची भिंतही पाडली. बोळ पुन्हा पुढून मागे सरळ झाला. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. बाजूला होणारा बाप! छातीचा कोट करून दारात उभा राहायचं सोडून भिंतीला पाठ लावली. असल्या माणसाला काय म्हणायचं? जेवताना मी त्यांच्यापुढे ताट सरकवायची आणि तोंड फिरवायची. पुढच्या वर्षी ते वारले. तेव्हाही माझा राग गेला नव्हता. शिवशरण भेटायला आला तेव्हा बोळाकडे पाहून म्हणाला, "अजून तसाच मोकळा ठेवलाव, बाई. शाबास तुमची."

संध्याकाळी बोळातून ते न दिसणारे रोज जायचे. पुढून मागे. चुन्यावर तोच पट्टा पुन्हा उमटला. मग एक दिवस त्याच्या खाली दुसरा दिसला. बारीक, बराच खाली. मी तिथे जाऊन उभी राहिले. वृंदाचा खांदा माझ्या कुठे लागायचा ते मला पाठ होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी कान देऊन बसू लागले. जाड कापडाच्या आवाजात एक पातळ आवाज असायचा. तिची ओढणी कांजीची होती, तशी सळसळायची. रोज यायची. कुठून येते ते कळत नव्हतं, पण जायची आमच्याच बोळातून. माझी पोर रोज माझ्या घरावरून जात होती.

मग मी ठरवलं. मी बंडोपंत नाही. मी बोळाच्या तोंडाशी आडवी उभी राहीन, दोन्ही हात पसरून, आणि माझी मुलगी आली की तिला मिठी मारीन. मग मागून आख्खं जग ढकललं तरी सोडायची नाही.

त्या संध्याकाळी पदर कमरेला घट्ट खोचला आणि रस्त्याकडे तोंड करून मधोमध उभी राहिले. अनसाबाई तिच्या दारातून बघत होती. बघू दे, म्हटलं.

आवाज आला. आधी जाड, मग त्यात मिसळलेला तो पातळ. जवळ आला. माझ्या तोंडावर एक श्वास लागला, दूध पिऊन झोपलेल्या पोराचा असतो तसा. मी हात पसरले होते. मी पसरलेच होते.

आणि माझी पाठ भिंतीला टेकली. पाय आवळले, खांदा वळला, पोट आत गेलं. मी बाजूला झाले होते.

ती माझ्या छातीला घासून गेली.